रंग द्यायच्या आधीचं विमान

एप्रिल लागला की नांदेडच्या बसस्थानकावर गाद्या दिसायला लागतात. सुतळीनं आवळलेल्या, एका बाजूनं उशीचं टोक बाहेर आलेलं, वर प्लास्टिकची बादली अडकवलेली. गादीमागं आई, आईमागं पोरगी नाहीतर पोरगा, आणि सगळ्यांच्या मागं लातूरची गाडी कुठं लागते ते विचारत फिरणारे वडील. अकरावीची परीक्षा संपते न संपते तोच तिकडं बारावीची व्हेकेशन बॅच सुरू होते. मी इथल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. मुलांची नावं आमच्याकडं आणि मुलं लातूरला, असा आमचा संसार आहे. खरं तर मला याचा राग यायला हवा. पण अशीच एक गादी घेऊन मीही एका उन्हाळ्यात लातूरला उतरले होते, त्यामुळं राग धरायचं तोंड मला नाही.

त्या उन्हाळ्याचं आधी आठवतं ते नाकाला. कवळी बनवताना गुलाबी पूड एका पातळ द्रवात कालवतात, त्याचा वास येतो. गोडसर, डोक्यात चढणारा. आमचे घरमालक रशीदचाचा कवळ्या बनवायचे. दाताच्या दवाखान्यांतून मापं यायची, आणि चाचांच्या पुढच्या खोलीत टेबलावर जबडे वाळत पडलेले असायचे. मी आणि माझा दादा माधव मागच्या पत्र्याच्या खोलीत राहायचो. पहिल्या आठवड्यात मला त्या जबड्यांसमोरून जेवणाचा डबा घेऊन जायला नको वाटायचं. नंतर मी त्यांना ओलांडून बिनधास्त मीठ मागायला जाऊ लागले.

भूकंप होऊन तेव्हा काही वर्षं उलटली होती, पण लातूर अजून पायाखालच्या जमिनीशी थोडं जपूनच वागत होतं. चाचांच्या घराची मागची भिंत चिरलेली, म्हणून तर आमची खोली पत्र्याची. आतल्या कपाटावर चाचींनी स्टीलच्या पेल्यांचा मनोरा रचलेला असायचा, एक पेला उपडा, त्यावर एक सुलटा, पुन्हा उपडा. जमीन हलली तर आधी पेले पडणार, आवाज होणार, आणि आपण पळणार, असा हिशेब. असे मनोरे त्या गल्लीत घरोघर होते. मनोरा पडला की असेल तसं बाहेर यायचं आणि अंगणातल्या कडुलिंबाखाली बसायचं. चाची तिथंच तीन दगडांवर चहा ठेवायच्या. तो चहा पिऊन झाल्याशिवाय कुणी आत जायचं नाही, हा चाचांचा नियम. बहुतेक वेळा मांजर निघायचं, नाहीतर उसाचा ट्रक. चहा मात्र दर वेळी व्हायचा, आणि घरात कधी न निघणाऱ्या गोष्टी लिंबाखाली निघायच्या.

दादा माझ्यापेक्षा एका वर्षानं मोठा. त्याची बारावी झाली होती आणि हवाई दलात अधिकारी व्हायची जी लेखी परीक्षा असते ती तो पास झाला होता. पावसाळ्याच्या तोंडाशी मुलाखत आणि मग शरीराची तपासणी. त्याच्या तयारीला म्हणून तो माझ्या सोबतीनं लातूरला राहिला होता. आमचं गाव अर्धापूरजवळ, घरी केळीची बाग. गावातून वैमानिक व्हायला निघालेला हा पहिलाच. अण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना, गावात कुणी नावानं हाक मारायचं बंद झालं होतं. "काय पायलटसाहेब, पाणी सोडलं का केळीला?" असं लोक विचारायचे, आणि अण्णा अगदी गंभीरपणे हाव म्हणायचे. त्यांना त्यात चेष्टा दिसतच नव्हती, इतका त्यांचा विश्वास होता. दादाचं वैमानिक होणं हे त्या उन्हाळ्यात आमच्या घराचं एकमेव काम होतं. माझी बारावी त्याच्या शेपटाला बांधलेली.

आणि हा वैमानिक दिवसभर काय करत होता, तर खेळण्यातलं विमान कापत होता.

चाचांच्या जावयानं आखातातून एक खोका आणला होता. आत प्लास्टिकचे सुटे भाग, ते चिकटवून विमान तयार करायचं. खोक्यावर लालभडक जेट, दोन बैठकींचं, शिकाऊ वैमानिकांचं. चाचींचे नातू लहान, त्यांनी पहिल्याच दिवशी एक चाक तोंडात घातलं, म्हणून खोका दादाकडं आला. प्लास्टिकही लालच होतं. मला वाटलं दोन दिवसांत विमान उभं राहील. पण दादानं कुठल्याशा रद्दीतून मिळालेल्या जुन्या इंग्रजी मासिकाचं पान काढलं. त्यावर एक काळापांढरा फोटो होता. त्याच विमानाच्या घराण्यातलं, पण फार आधीचं, एका बैठकीचं लढाऊ विमान. पहिलाच नमुना. नाव सांगून उपयोग नाही, मला ते तेव्हाही धड म्हणता येत नव्हतं.

"हे करायचं," दादा म्हणाला.

"पण खोक्यातलं विमान याच्यापेक्षा मोठं हाय की. चांगलं बी दिसून राहिलं."

"ते नंतरचं हाय. मला पहिलं पाहिजे."

मला हे कोडं काही केल्या सुटेना. सगळं लातूर पुढं धावत होतं. आमच्या क्लासमध्ये बारावी सुरू व्हायच्या आधी बारावी संपवायचं चाललं होतं, आणि हा पठ्ठ्या तयार विमान घेऊन त्याला मागं नेत होता. नंतर सुचलेल्या सुधारणा एकेक करून काढून टाकायच्या. मागची बैठक काढायची. शेपूट कमी करायचं. पंख आखूड करायचे. नाकावर एक लांब नळी लावायची, कारण पहिल्यांदा उडवताना वाऱ्याचं माप घ्यावं लागतं. मी विचारलं, मागच्या बैठकीत कोण बसतं? तो म्हणाला, शिकवणारे सर. मी म्हटलं, मग काढ बाबा, लातूरमध्ये तेवढीच एक जागा सरांशिवाय राहील. तो हसला, पण पहिलंच का, या माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही.

दुपारी दोन ते चार क्लासला सुट्टी असायची. त्या वेळात मी झोपायला हवं होतं. त्याऐवजी चाचांच्या खोलीतल्या कूलरसमोर बसून बघत राहायचे. मागची बैठक कापल्यावर विमानाच्या पाठीला खिंडार पडलं. ते बुजवायला चाचांनी कवळीची गुलाबी पूड दिली. लाल विमानाच्या पाठीवर गुलाबी मांस भरलं गेलं, आणि चाचांनी चष्मा वर करून बघितलं. "बेटा, याला तर हिरड्या आल्या. आता दात कवा बसवायचे?"

वैमानिकाच्या डोक्यावरची काच सगळ्यांत अवघड. खोक्यातली काच दोन माणसांची, ती चालणार नव्हती. चाचांनी प्लास्टरचा एक छोटा उंचवटा तयार केला, दादानं तो घासून घासून फोटोसारखा केला. मग नव्या शर्टाच्या कॉलरखाली असतं ते पारदर्शक प्लास्टिक चिमट्यात धरून स्टोव्हवर गरम करायचं आणि झटकन त्या उंचवट्यावर दाबायचं. पहिलं जळालं, दुसऱ्यावर सुरकुत्या पडल्या. चाचींनी ईदसाठी घेतलेल्या सगळ्या शर्टांच्या कॉलरी रिकाम्या केल्या. शेवटी एक काच अशी उतरली की आम्ही तिघांनी ती आळीपाळीनं तळहातावर घेऊन बघितली. करंगळीच्या नखाएवढी, स्वच्छ. चाचा म्हणाले, आता एवढुसे दात पण कुणी बनवायला सांगितले तर बनवतो.

पंख कापायचा दिवस आला तेव्हा दादानं मला कामाला लावलं. माझी रेघ सरळ यायची. फोटोवरून माप काढून दोन्ही पंखांवर मी रेघ मारली. हाताशी हिरवं स्केचपेन होतं, आकृत्यांमधली पानं रंगवायचं, त्यानंच मारली. दादानं बारीक करवत घेतली आणि कापायला सुरुवात केली. रेघेपासून चांगलं बोटभर आत.

"दादा, अरे रेघ?"

"कुठंय?"

मला वाटलं गंमत करतोय. मी बोट ठेवून दाखवलं. त्यानं पंख उजेडाकडं धरला, तिरका केला, जवळ नेला. "इथं मारलीस व्हय. मला दिसून नाही राहिली."

लाल पंखावर माझी हिरवी रेघ मला ठळक दिसत होती. चाचा मान खाली घालून कुठल्यातरी दाढेला आकार देत होते. कूलर चालू होता. मी त्या रेघेकडं बघत होते आणि माझ्या डोक्यात एक आकृती आपोआप उभी राहत होती. वर आई-वडील, खाली चार चौकोन. लाल-हिरवी वर्णांधता. आई वाहक, मुलगा बाधित. आमच्या सरांच्या मते या आकृतीवर हमखास प्रश्न येतो, म्हणून ती त्यांनी आमच्याकडून इतक्या वेळा काढून घेतली होती की मला झोपेतसुद्धा आली असती. चाचणीत मला त्यात पैकीच्या पैकी होते. ती आकृती पाठ करत मी ज्या खोलीत बसायचे, त्याच खोलीत समोरच्या खाटेवर दादा बसलेला असायचा. चौकोनातला तो बाधित मुलगा म्हणजे कुणी जेवणारा, झोपणारा, माझ्या ताटातलं लोणचं उचलणारा माणूस असू शकतो, हे काही पाठांतरात आलं नव्हतं. मला याची अजून मौज वाटते, आणि वर्गात ही आकृती काढताना मी अजूनही मध्येच थांबून समोरच्या बाकांकडं बघते.

मग एकदम मिरच्या आठवल्या. लहानपणी परसातल्या मिरच्या तोडायला दोघांना पाठवायचे. फक्त लाल झालेल्या आणायच्या. माझ्या ओंजळीत लाल, दादाच्या ओंजळीत हिरव्यागार. अण्णांनी त्याला कामचुकार ठरवलं होतं, आणि आम्ही सगळ्यांनी ते मान्य केलं होतं. तो बिचारा हाताला लागेल ती तोडत होता.

"तुला ठावं हाय?" मी विचारलं.

"हाव." त्यानं करवत खाली ठेवली. हिवाळ्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडं तो एकटाच जाऊन आला होता. तिथं एक ठिपक्यांचं पुस्तक असतं, ठिपक्यांत आकडे लपवलेले. बाकीच्यांना दिसतात. "मला नुसते ठिपके. तपासणीत तेच पुस्तक दाखवणार."

"मग अण्णा?"

मग त्यानं फोटोचं ते पान माझ्याकडं सरकवलं आणि माझ्या जुन्या प्रश्नाचं उत्तर दिलं. "खोक्यातल्या विमानाला सतरा रंग हायेत. इथं लाल, तिथं पांढरा, आत हिरवा. मला जमणार न्हाई. या पहिल्याला रंगच दिला नव्हता. नुसता पत्रा. उडतंय का न्हाई तेच ठरायचं होतं, रंग कोण देतंय."

मी तो फोटो खूप वेळ बघितला. काळापांढरा होता. म्हणजे त्याला आणि मला तो अगदी सारखाच दिसत होता. घरातली, शेतातली, बाजारातली इतकी वर्षं एकत्र बघितलेली प्रत्येक गोष्ट आम्ही वेगवेगळी बघितली होती, आणि सारखं काही बघितलं असेल तर हे एक विमान. मला रडू आलं, आणि त्याच वेळी त्याला शंभर प्रश्न विचारावेसे वाटले. मी विचारलेही. मेंदी कशी दिसते? टोमॅटो पिकला हे कसं कळतं? दाबून, म्हणाला. चाचांनी तेवढ्यात दुसरा पंखही पहिल्याच्या मापानं आखूड करायचा सल्ला दिला. "पहिलंच हाय ना ते. पहिल्याचं बरोबर माप कुणाला ठावं?"

मे महिन्यात अण्णा आले. पिशवीत घरची केळी, आणि एका खोक्यात काळे बूट. मुलाखतीसाठी. नांदेडला तीन दुकानं फिरून घेतलेले. दादानं ते घालून दाखवले, खोलीभर चालून दाखवलं, आणि अण्णांच्या चेहऱ्यावर जे काही आलं ते बघून मी स्टोव्हला पंप मारायला वळले. दादाला आज बोलायचं होतं. सकाळपासून तो तीनदा तोंड उघडून पाणी पिऊन आला होता.

अखेर चाचींच्या पेल्यांनी मदत केली. धाडधाड आवाज झाला आणि आम्ही सवयीनं बाहेर पळालो. अण्णा लातूरच्या या रिवाजाला नवे, ते एकटेच खरे घाबरलेले, चप्पल न घालता लिंबाखाली आले. दादाच्या पायात नवे बूट आणि हातात विमान, कारण तो तेव्हा त्याला चाकं चिकटवत होता. रस्त्यावरून ट्रक जाताना दिसला, तरी नियम तो नियम. चाचींनी चहा ठेवला. चहा होईपर्यंत आत जायचं नाही, म्हणजे दादालाही आत जाता येईना.

अण्णांनी विमान हातात घेतलं. लाल, गुलाबी, मधे प्लास्टरचे पांढरे डाग. "असं कामून दिसून राहिलं हे?"

"अजून रंग दिला न्हाई," दादा म्हणाला. आणि मग सांगून टाकलं. एका दमात, बुटांकडं बघत. "मला लाल-हिरवं कळत न्हाई अण्णा. लहानपणापासून. पायलट व्हता येणार न्हाई मला."

अण्णा रागावतील असं मला वाटलं होतं. चाचा तर मध्ये पडायच्या तयारीनं पुढं सरकले होते. अण्णांनी विमान मांडीवर ठेवलं आणि वर बघितलं. "हा पाला तुला कसा दिसतो?"

"पाल्यासारखा."

"न्हाई, पण कसा?"

"तेच सांगता येत न्हाई अण्णा."

मग त्यांनी चाचींची ओढणी विचारली, बादली विचारली, पिशवीतून केळी काढून एक पिकलेलं आणि एक कच्चं समोर धरलं. दादा खरं सांगत गेला. हे विचारणं परीक्षेसारखं नव्हतं. जन्मभर बाग बघितलेला माणूस, आपल्या पोराला ती बाग कशी दिसत असेल ते समजून घ्यायला धडपडत होता. विचारता विचारता ते थांबले. "मिरच्या," म्हणाले. "आन् मी तुला कामचुकार म्हणलो." त्यांनी खांद्यावरच्या गमछ्यानं तोंड पुसलं आणि गमछा बराच वेळ तिथंच धरून ठेवला.

मला ते बघवेना, आणि मला जे येत होतं ते मी बोलून टाकलं. "यात कुणाची चूक नसते अण्णा. हे आईकडून मुलाकडं येतं. आई फक्त वाहक असते, तिला स्वतःला काही होत नाही." मी तर काडीनं मातीत चार चौकोनही काढले.

अण्णांनी ते चौकोन नीट बघितले. कोण कुठं, ते विचारून घेतलं. मग पायानं माती सारखी केली. "कुसुम, हे घरी बोलायचं न्हाई," ते म्हणाले. "तुझ्या मायला तर अजिबात न्हाई."

आमची आजी, अण्णांची आई, तेव्हा हयात होती आणि तिच्या जिभेला हाड नव्हतं. पोरगं पायलट व्हायचं राहिलं ते सुनेमुळं, हे तिनं गावभर केलं असतं. अण्णांनी घरी जाऊन वेगळंच सांगितलं. आमच्याच घराण्यात हाय, माझ्या आज्याला लाल-हिरवं कळत नव्हतं, मला आता आठवलं. आजीलाही ते खरं वाटलं. सासऱ्याबद्दल वाईट मानायला ती तयारच असायची.

दादा ते बूट घालून मुलाखतीला जाऊन आला. मुलाखत पास झाला आणि ठिपक्यांपाशी परत फिरला. त्याला एकदा स्वतःच्या कानानं ऐकायचं होतं, म्हणाला. विमानाला त्यानं पत्र्याच्या पेट्यांना लावतात तो चंदेरी रंग दिला. हिरड्या झाकल्या गेल्या, काच बसली, नाकावर सुईची नळी आली. आज तो नांदेडला एका कारखान्यात यंत्रांच्या भागांचे पहिले नमुने बनवतो. त्याच्या घरी ते विमान टीव्हीच्या वरच्या फळीवर असतं, आखूड पंखांचं. जाणकार पाहुणा आला तर म्हणतो, पंख जरा कमी पडलेत. दादा म्हणतो, हाव, थोडे पडलेत.

अण्णांनी मात्र पुढची सगळी वर्षं बोलणी खाल्ली. दादाच्या लग्नाचं जमेना तेव्हा माय म्हणायची, तुमच्या घराण्याची देणगी. दादानं बाजारातून कच्ची भाजी आणली की, घ्या, तुमच्या आज्याचा पणतू. गावात कुणाचा पोरगा सैन्यात लागला की ती अण्णांकडं नुसतं बघायची, आणि अण्णा उठून बागेत जायचे. एकदाही त्यांच्या तोंडून खरं निघालं नाही. जीवशास्त्र शिकवणारी मी समोर बसलेली, बापाकडून मुलाला हे जाऊच शकत नाही हे दरवर्षी फळ्यावर काढून दाखवणारी, तीही गप्प. मला कधी कधी मायचा रागही यायचा.

अण्णा गेल्यावर माय माझ्याकडं राहायला आली. परवा बसस्थानकावरच्या गाद्या बघून मी घरी आले तेव्हा ती भाजी निवडत होती. लातूरच्या गोष्टी निघाल्या, दादाच्या विमानाच्या निघाल्या, आणि मला राहवलं नाही. आता कुणाला लागायचं काही उरलं नव्हतं. मी म्हटलं, "माय, ते अण्णांच्या घराण्यातून आलेलं नव्हतं."

"ठावं हाय," ती म्हणाली, मान वर न करता. "माझ्या भावाला हाय की तसं. रेणापूरच्या तुझ्या मामाला. ल्हानपणी त्याच्या गोट्या रंगानं मीच निवडून द्यायचे. तेन्नी येऊन आज्याचं सांगितलं तवाच मला कळलं, ते कुणाला झाकून राहिलेत ते."

"मग जन्मभर त्यांना एवढं बोलत कामून होतीस?"

माय हातातली काडी मोडत म्हणाली, "बोलले नसते तर तेन्ला कळलं असतं ना, मला ठावं हाय म्हणून."